तोंडावर बोट

दीप्तीबेन सहावीच्या वर्गावर आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या कानठळ्या बसल्या. डिंडोलीच्या मराठी शाळेतली ती पोरं. सुरतेच्या चालीप्रमाणे बाईंना 'बेन' म्हणणारी, घरी अहिराणी, गल्लीत हिंदी आणि खेळताना गुजराती बोलणारी. भाषा कुठलीही असो, पट्टी एकच, सगळ्यात वरची. शेजारच्याकडे खोडरबर मागायचं तरी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारल्यासारखं ओरडायची. आता यात पोरांचा काय दोष? घरोघरी बाप लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. बारा बारा तास त्या खडखडाटात उभं राहून आलेल्या माणसाशी घरातलं कुणी कुजबुजत बोलत नाही.

हे दीप्तीबेनना कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः लूमवाल्याची लेक. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. त्यांचे वडील भिवा यांनी अशाच एका खात्यात उभा जन्म काढला. शिक्षिका व्हायला दीप्ती कॉलेजात गेली आणि पहिल्या दिवशी नाव सांगायला उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवून हसल्या होत्या. पुढे तिचं नावच 'भोंगा' पडलं. ते हसू तिला जन्मभर पुरलं. तिनं आवाज दाबायला घेतला, आणि दाबत दाबत असा मऊ, बेताचा करून टाकला की मुलाखतीत साहेबांनी खास त्याचं कौतुक केलं. आपल्या पोरांवर असं हसं करून घ्यायची पाळी येऊ नये, एवढंच बेनच्या मनात होतं. मन चांगलंच होतं हो. पण चांगल्या मनानं माणूस काय काय करून बसतो, त्याला सुमार नाही.

बेननी वर्गाला शिस्त लावायचं ठरवलं. छडी नाही, मार नाही. त्या जुन्या मास्तरांतल्या नव्हत्याच. त्यांनी रिबिनी आणल्या. हळू बोलणाऱ्याच्या खांद्यावर हिरवी, मोठ्यानं बोलणाऱ्याच्या खांद्यावर लाल. लाल रिबीन शाळा सुटेपर्यंत काढायची नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही. आणि एक नियम सगळ्यांसाठी. वर्गात कुणाचाही आवाज चढला की बाकीच्यांनी काही न बोलता हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. तो गप्प होईपर्यंत. चाळीसेक पोरांनी तोंडावर बोट ठेवून आपल्याकडे बघणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलं त्यालाच ठाऊक.

सगळ्यात जास्त वेळा ते आलं मयुरी नावाच्या मुलीवर. हिचा आवाज म्हणजे खणखणीत. हिला लाल रिबीन जणू गणवेशाबरोबरच शिवून आलेली. पहिल्या आठवड्यात ती हसायची, दुसऱ्यात रडली. मग तिची आई रंजना शाळेत आली. साड्यांवर खडे चिकटवून बोटं सोललेली, चिमणीएवढ्या आवाजाची बाई. ती म्हणाली, की बेन, घरी तिला असंच बोलावं लागतं, तिच्या पप्पांना...

बेननी तिला पुढं बोलूच दिलं नाही. घरचं वळण शाळेत आणायचं नाही, असं त्या आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या. वर हेही सांगितलं, की सवय घरापासून लागते, तेव्हा घरीसुद्धा तिला हळूच बोलू द्या.

रंजनाला सांगायचं होतं ते असं. तिचा नवरा सुपडू वीस वर्षं लूमवर होता आणि त्याचे कान जवळजवळ गेलेले होते. बायकोचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. त्या दोघांचा संसार हातवाऱ्यांवर चालायचा. ऐकू यायची ती एकटी मयुरी. संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी सुपडू भाकरी खायला बसला की ती समोर मांडी घालायची आणि शाळेत काय झालं ते सगळं त्याला ओरडून सांगायची. गल्लीला पाठ व्हायचं. तो पोटभर हसायचा, उलटे प्रश्न विचारायचा. त्या माणसाला दिवसाकाठी मिळणारं बोलणं ते एवढंच. पण रंजना पडली गरीब गाय. बेन शिकलेल्या, पोरीच्या भल्याचंच सांगत असतील, असं म्हणून ती घरी गेली आणि तिनं पोरीला दटावलं.

मयुरी हळू बोलू लागली. आधी वर्गात, मग गल्लीत, मग घरी. बापासमोर बसून ती हळूच सांगायची आणि बाप मान डोलवायचा. तो मान डोलवतो म्हणजे त्याला कळतंय, असं मायलेकींना वाटलं. दिवाळीनंतर तिच्या खांद्यावरची हिरवी रिबीन उतरलीच नाही. सहावीच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येऊ लागली. मुख्याध्यापक श्रीरंग सर दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांना मुद्दाम हा वर्ग दाखवायला आणू लागले आणि बेनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जानेवारीत पालकसभा झाली. त्या दिवशी खात्याला सुट्टी होती, म्हणून सुपडू पहिल्यांदाच शाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, पोरीच्या चिमुकल्या बाकावर अंग चोरून बसलेला. त्याच्या एका बाजूला रंजना, दुसऱ्या बाजूला मयुरी. पोरं आपापल्या आईबापांजवळ चिडीचूप. बेन त्याच्यापाशी आल्या आणि त्यांनी मयुरीचं तोंडभरून कौतुक केलं. मुलगी किती बदलली, किती समजूतदार झाली, हे सांगितलं. सुपडू हसून मान डोलवत होता.

"बराबर," तो म्हणाला. "हां, बराबर."

बेननी विचारलं, की तुम्ही कुठल्या खात्यात काम करता?

"हां, बराबर."

दीप्तीबेन जागच्या जागी थांबल्या. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. ती मान, तो शब्द, समोरच्याच्या ओठांवर खिळलेली ती नजर, सगळं ओळखीचं होतं. त्यांचे बाबा शेवटची काही वर्षं त्यांच्याशी असंच बोलत. दीप्ती दर रविवारी जायची, कमावलेल्या मऊ आवाजात सगळं सांगायची आणि बाबा म्हणायचे, हां पोरी, बराबर. इस्पितळात त्या शेवटच्या संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "बाबा, मी आता जाऊ का? सकाळी येते." बाबा हसून म्हणाले होते, बराबर. ती गेली आणि पहाटे बाबा गेले. पुढे ती सगळ्यांना सांगत आली, की बाबांनीच मला जा म्हटलं. या एका वाक्यावर तिनं इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. आता त्या बाकापाशी उभ्या असताना त्यांना कळलं, की बाबांनी काही ऐकलंच नव्हतं.

सुपडूला वाटलं, बेन गप्प झाल्या म्हणजे आपली चोरी पकडली गेली. तो ओशाळला. मग आपल्या नेहमीच्या, शेजारच्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मना कान गयात, बेन. पहिले हिचा आवाज तेवढा येत व्हता. दिवाळीपासून तोबी येत नही. समोर बसते, तोंड हलतं, पण काही येत नही. घरात सांगितलं नही मी. पोरगी रडली असती."

रंजनानं पदर तोंडाला लावला. मयुरी खाली बघत होती. बेनना रडू फुटत होतं, पण ही रडायची वेळ नव्हती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि इतकी वर्षं गाडून टाकलेला तो आवाज, भिवाच्या लेकीचा आवाज, बाहेर काढला.

"सुपडूभाऊ, माझं बोलणं ऐकू येतंय का?"

भिंती दणाणल्या. पोरं आधी नुसती दचकली. व्हरांड्यातले श्रीरंग सर दारात आले. सुपडूचा चेहरा उजळला.

"येतंय, बेन. तुमचं येतंय."

"मग कान गेले नाहीत तुमचे. पोरगी हळू बोलते. मी शिकवलं तिला. चूक माझी आहे."

सुपडूनं ते ऐकलं. समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो लहान मुलासारखा हसला, बाकावर वळला आणि त्यानं पोरीची हनुवटी वर केली.

"मंग बोल ना, बेटा. माले आयकू दे."

मयुरीनं बेनकडे पाहिलं. बेन जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "बोल, मयुरी. मोठ्यानं बोल."

पण वर्गात आवाज चढला होता, आणि आवाज चढला की काय करायचं ते पोरांच्या अंगात मुरलं होतं. एकेका बाकावरून हात उचलले गेले. सगळ्या वर्गानं हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि सगळे बेनकडे बघत राहिले.

मयुरीचे डोळे वाहत होते. बाप तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत होता. तिनंही हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.