जपानहून परत आलेली कुंची

वऱ्हाडचा कापूस तेव्हा आगबोटीनं जपानपर्यंत जात असे. तिकडून काही परत येईल असं नांदुऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या त्या कारखान्यात, कुणाच्या मनातही नव्हतं. पण एके दुपारी मॅनेजर हिंमतरावांनी साऱ्या कामकरणींना आवारात उभं केलं. मेलेला उंदीर धरावा तशी त्यांनी दोन बोटांत एक लाल कुंची धरली होती. कडेला चार कवड्या.

"जपानच्या गिरणीत आपली कापसाची गठाण फोडली, त्यातून हे निघालं. मुंबईच्या शेठनं चिठ्ठीसंगं धाडलं. पुन्हा असं निघालं तर आपला माल बंद. कोणाची आहे?"

गोजरबाईनं आपली शिवण लांबूनच ओळखली. लेकीची ही कुंची ती चार महिने शोधत होती. शेवटी शेजारच्या तानुबाईवर चोरीचा आळ घेऊन तिनं अबोला धरला होता. तानुबाई आता बाजूलाच उभी होती. ती कुंचीकडे पाहतच नव्हती, गोजरबाईकडेच पाहत होती.

"माही हाय, साहेब," गोजरबाई म्हणाली. "पोरीले रुईच्या ढिगाशी निजवतो. पडली असन."

"लेकरं जिनात काऊन आणता?"

"पाजाले घरी जाऊ देत नाही तुमी. मंग लेकरूच आनाव लागते."

"उद्यापासून एकही लेकरू आत दिसलं नाही पाहिजे."

जिनात उडणाऱ्या रुईनं लेकरं दिवसभर खोकत. त्यांच्यासाठी वेगळी जागा द्या म्हणून बाया तीन वर्षं मागे लागल्या होत्या. हिंमतराव दरवेळी "पाहू" म्हणत, आणि पाहत छताकडे.

दुसऱ्या दिवशी अकरा लेकुरवाळ्या फाटकाबाहेर बसल्या, लेकरं मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं तानुबाईही येऊन बसली. तिची पोरं तर लग्नाला आलेली.

"तू काऊन आली वो?" गोजरबाईनं चार महिन्यांनी तोंड उघडलं.

"चोराले जिनात कोन ठेवते?" तानुबाई म्हणाली. मग दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

आत सरकी काढायची बारा यंत्रं रिकामी फिरत होती. स्टेशनावर गाठींसाठी मालगाडीच्या वाघिणी उभ्या होत्या. दुपारी हिंमतराव स्वतः फाटकात आले.

"लेकरायले जागा द्या, साहेब," गोजरबाई म्हणाली. "जपानवाल्याले लिहून टाका, आता माल साफ येईन."

मुंबईला काय लिहावं या विचारात हिंमतरावांनी रात्र काढली होती. उत्तर असं मातीत बसलेलं सापडेल हे त्यांना सुचलं नव्हतं.

चार दिवसांत निंबाखाली टिनाचं छप्पर उभं राहिलं, झोळ्या बांधल्या गेल्या. लेकरं सांभाळायला म्हाताऱ्या सोजराबाईला रोजानं ठेवलं. मुंबईला चिठ्ठी गेली, की मालाच्या शुद्धतेसाठी मॅनेजरांनी स्वतः ही योजना काढली आहे. कारकून इंद्रभाननं ती बायांना हळूच वाचून दाखवली.

"स्वतः काढली म्हने," तानुबाई म्हणाली.

"काढू दे. छप्पर तर आलं."

मजुरी तीच राहिली, जिनातली रुईही तशीच उडत राहिली. पण आता दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी होती. पहिल्या दिवशी गोजरबाई धावतच छपराखाली गेली, तर पोर गाढ झोपलेली.

"उठवू नको तिले," सोजराबाई दटावून म्हणाली.

मग गोजरबाई निंबाला टेकून बसली आणि शिदोरीचं फडकं सोडलं. भाकरीवर रुईचा एक तंतूही नव्हता. तरी सवयीनं तिनं ती झटकली, आणि निवांत खाल्ली.