वहीतला तारा

"तीनच्या आत सांगा, ओरेस्ट. पोराचं काय येईल?"

संघाचा मॅनेजर लाइल ब्रॅडिशने नमस्कार-चमत्कार काही केला नाही, म्हणजे घाई होती. ओरेस्ट हनाटिऊकने फोन कानाला घट्ट दाबला आणि टेबलापलीकडे बघितलं. ज्याची किंमत विचारली जात होती तो रेमी मोरिन समोरच बसून लापशी खात होता. मान खाली, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. ओरेस्टने "बघतो" एवढंच म्हणून फोन ठेवला.

जानेवारीची दहा तारीख होती. त्या दुपारी तीननंतर हंगाम संपेपर्यंत बर्फावरच्या ज्युनिअर हॉकीच्या संघांना खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरं त्या दिवशी सकाळी एका गावात न्याहारी करतात आणि रात्री सातशे किलोमीटरवर परक्या घरात जेवतात. कॉर्बेट गावात त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बाहेरगावची पोरं गावातल्या घरांमध्ये राहतात, एक गेलं की त्या खोलीत दुसरं येतं. हनाटिऊकांच्या घरात वीस वर्षांत चौदा पोरं राहून गेली. सगळी ओरेस्टला गीदो म्हणायची, म्हणजे युक्रेनी भाषेत आजोबा. त्याच्या बायकोला, नताल्काला, काय वाटेल ते म्हणायची. रेमी तिला आँटी म्हणायचा, त्याच्या उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या गावात सगळ्या मोठ्या बायका आँटीच असतात.

घराचा नियम एकच होता. टेबलावरचं रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, न्यायचं नाही. पोरगं आईच्या आठवणीने रडलं, शाळेत नापास झालं, कुणाच्या पोरीवर भाळलं, ते सगळं या चार भिंतींत. ओरेस्टला हा नियम इतरांपेक्षा जास्त पाळावा लागे, कारण तो नुसता घरमालक नव्हता, संघाचा स्काऊट होता. पोरं हेरायची आणि त्यांची पारख करायची हेच त्याचं काम. त्याआधी तीस वर्षं तो धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे मोठ्या कोठारावर, गव्हाची प्रत ठरवायचा. मूठभर गहू तळहातावर चोळायचा, दोन दाणे दातांखाली फोडायचा आणि सांगायचा, एक नंबर, दोन नंबर. वरून सोनेरी आणि आतून हिमाने खाल्लेला दाणा त्याला कधी फसवू शकला नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा.

नताल्काने ओटा पुसला. स्वयंपाकघरात मोठा दिवा लावलेला नव्हता, शेगडीवरचा बारका तेवढा मिणमिणत होता. नोव्हेंबरपासून ही तीन माणसं अशीच अंधुकात जेवत होती. रेमीला दिवा खुपतो हे तिने आधी ओळखलं आणि काही न बोलता मोठं बटण दाबायचं बंद केलं. मग रेडिओ बंद झाला. मग एका संध्याकाळी तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "अरे, त्या पोराचं डोकं दुखतंय. रोज." ओरेस्ट म्हणाला होता, सर्दी असेल. आणि वर म्हणाला होता, टेबलावरचं टेबलावर. त्या दिवशी तो नियमामागे लपला होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात रेमीने नऊ सामन्यांत अकरा गोल केले होते. पुढच्या सत्तावीस सामन्यांत एकही नाही. गावात चर्चा झाली की पोराच्या डोक्यात हवा गेली, की घराची ओढ लागली. कोपऱ्यात भिंतीलगत खेळाची चकती घसरत गेली की रेमी आधी पोचायचा आणि ऐनवेळी अर्धं पाऊल मागे घ्यायचा. ते अर्धं पाऊल ओरेस्टला दिसत होतं. त्याने अहवालात लिहिलं होतं, घराची ओढ.

आता अल्बर्टातल्या एका संघाला रेमी हवा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून सप्टेंबरातला रेमी होता. बदल्यात ते एकोणीस वर्षांचा धिप्पाड बचावपटू द्यायला तयार होते, शिवाय पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीतली एक जागा. अकरा वर्षं कॉर्बेट बाद सामन्यांच्या पहिल्या फेरीपलीकडे गेलं नव्हतं. ओरेस्टने त्यांच्या माणसाजवळ दोन शब्द बरे बोलायचे, एवढंच लाइलला हवं होतं.

सकाळच्या सरावाला अल्बर्टाचा स्काऊट रिंकच्या कोपऱ्यातल्या काचेमागे उभाच होता. मर्व्ह टॉलेफसन. दोघं पंचवीस वर्षं या ना त्या गावात असेच कोपऱ्यात उभे राहिले होते, एकमेकांच्या थर्मासमधली कॉफी प्यायले होते आणि एकमेकांना भरपूर थापा मारल्या होत्या. पोराची उंची, स्वभाव, बापाची कटकट, सगळ्यावर थापा चालत. पण डोकं आणि गुडघा, या दोन गोष्टींवर कुणी सरळ विचारलं तर सरळच सांगायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही कधी पडली नव्हती.

"तुझ्याच घरात राहतो ना?" मर्व्ह म्हणाला.

"हो."

"मग एकच विचारतो. डोकं ठीक आहे?"

ओरेस्टने बर्फावर बघितलं. रेमी एकटा शेवटच्या फेऱ्या मारत होता, काय सुंदर धावत होता. मर्व्हला त्याने सांगितलं की मला आधी पोराशी बोलू दे. मर्व्ह त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, दोनपर्यंत थांबतो.

सराव संपल्यावर ओरेस्टने रेमीला गाडीत बसवलं आणि पिकअप रिंकच्या मागे नेऊन उभी केली. समोर नुसतं पांढरं शेत होतं आणि त्यावर उन्हाची तिरीप. रेमीने लगेच डोळे मिटले.

"कधीपासून?" ओरेस्टने विचारलं.

"काय कधीपासून?"

"रेमी."

रेमीने टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाला, "ऑक्टोबरात. समोरच्या संघातला तो सहाफुट्या अंगावर आला तेव्हापासून."

"पण तू तर लगेच उठलास. मी बघत होतो."

"तुम्ही बघत होता म्हणूनच उठलो." त्याने डोळे उघडले नाहीत. "कानात शिट्टी वाजत होती, गीदो. आपली बाजू कुठली तेच कळेना. पण वहीत तुम्ही तारा काढता ना, जो लगेच उठतो त्याला. मी बघितली होती वही, टेबलावर उघडीच होती. माझ्या नावापुढे एकही नव्हता."

तारा ही ओरेस्टची जुनी सवय. पडल्याबरोबर उठणारं पोरगं लाखात एक, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि या गवताळ मुलुखात त्याला नाही म्हणणारा माणूस सापडला नसता. त्या ऑक्टोबरच्या दुपारी त्याने खुशीत येऊन रेमीच्या नावापुढे ठळक तारा काढला होता.

"मर्व्हला सांगू नका," रेमी म्हणाला. "टेबलावरचं आपण रिंकवर नेत नाही. हे गाडीतलं आहे, पण तसंच समजा. नवीन गावी गेलो की जमेल. जूनमध्ये मोठे संघ पोरं निवडतात, पाचच महिने राहिलेत. मग मी स्वतः डॉक्टरकडे जाईन. शप्पथ."

"आणि मधे अजून एक धडक बसली तर?"

"बसू दे ना. माझं डोकं आहे."

"तुझ्या आईला मी शब्द दिला होता."

"आईला काय कळतं हॉकीतलं?" आणि मग एकदम त्याचा आवाज फुटला. "मला दुसरं काही येत नाही, गीदो."

ओरेस्टने त्याच्या मानेवर हात ठेवला. रेमीने तो झटकला नाही, पण अंगही सैल सोडलं नाही. ओरेस्टने त्याला घरी सोडलं आणि एकटाच परत आला. वाटेत त्याने दोनदा गाडी थांबवली. गप्प बसलं तर पोरगं खूश, लाइल खूश, गाव खूश. बोललं तर सगळेच गेले, आणि पोरगं सगळ्यात आधी.

मर्व्ह त्याच काचेमागे थांबला होता. ओरेस्ट म्हणाला, "डोकं बरं नाही. घेऊ नकोस."

मर्व्हने मान हलवली, थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि फोन काढत बाहेर गेला.

लाइलचा फोन यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सकाळचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. "तू पगार कुणाचा खातोस, ओरेस्ट? अकरा वर्षांनी एक चांगला बचावपटू दारात आला होता." ओरेस्टने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, उद्या डॉक्टरला दाखव त्याला, आणि अहवालात मी खोटं लिहिलं होतं तेही लिहून घे.

डॉक्टरांनी रेमीला वर्षभर बर्फावर पाय ठेवायला मनाई केली. वर्षानंतरचं तेव्हा बघू म्हणाले, पण म्हणताना त्यांनी रेमीकडे बघितलं नाही.

शनिवारी त्याची आई आठ तास गाडी हाकत न्यायला आली. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. नताल्काने बटाट्याच्या पेरोहींचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा भरून दिला आणि रेमीला जवळ घेतलं तेव्हा तो तिच्या खांद्यावर हमसून हमसून रडला. ओरेस्टकडे त्याने पाठ फिरवली. सामान गाडीत ठेवताना, खोलीची किल्ली देताना, एकदाही तो बोलला नाही. हॉकीच्या दोन काठ्या घेऊन आलेला पोरगा त्या न्यायला विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कळलं नाही.

आई मात्र ओरेस्टजवळ आली. दोन्ही हातांनी तिने त्याचा हात धरला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाचला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. आपल्या पोरासारखा सांभाळीन म्हणाला होतात, तसंच केलंत."

सांगावं का हिला, असं ओरेस्टला वाटलं. की बाई, तो उठला तो माझ्यामुळे, आणि मला नोव्हेंबरातच कळलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिच्यापुढे आठ तासांचा रस्ता होता आणि बाजूला पोरगं बसलं होतं. तो नुसता "सांभाळून जा" म्हणाला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही नताल्का थंडीत तशीच उभी होती, शेवटी त्याने तिला आत आणलं.

लाइलने त्याला काढून टाकलं नाही. फक्त लांबलांबच्या गावांतले बारक्या पोरांचे सामने त्याच्या वाट्याला यायला लागले. फेब्रुवारीत अशाच एका रिंकमध्ये तो लाकडी बाकावर बसला होता. मर्व्हही आला होता. त्याने विचारपूस केली नाही, नुसती कॉफी पुढे केली. ओरेस्टने खिशातून वही काढली. नवं पान शोधताना ऑक्टोबरचं पान उघडलं गेलं.

रेमीच्या नावापुढचा तारा नव्हता. कुणीतरी तो खोडरबराने घासून काढला होता, आणि नुसता पुसून समाधान झालं नव्हतं. इतकं घासलं होतं की कागद झिजून तिथे भोक पडलं होतं, त्यातून मागच्या पानावरचं दुसऱ्या कुणाचं तरी नाव दिसत होतं. ओरेस्टने भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. रेमी जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, वही रात्रभर स्वयंपाकघराच्या टेबलावर होती, हे त्याला आठवलं.

समोर आरडाओरडा झाला. चौदा नंबरचं एक किरकोळ पोरगं भिंतीवर आपटलं होतं. क्षणभर पडलं आणि टुणकन उठून धावायला लागलं. बाकांवरच्या आया-बापांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" मर्व्ह म्हणाला. "लगेच उठला. काढ तारा."

"बघितलं," ओरेस्ट म्हणाला.

त्याने वहीत नंबर लिहिला, नाव लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून तो उठला, पायऱ्या उतरला आणि त्या पोराचा प्रशिक्षक कुठल्या बाजूला बसलाय ते शोधायला निघाला.