चौदा-चौदा

झाशीतल्या मराठी घरांत मुलीच्या हाती लेखणीआधी तलवार येते, मग ती पुठ्ठ्याची का असेना. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम असतो आणि त्यात कुठल्या तरी पोरीला नऊवारी नेसवून, पाठीला बाहुला बांधून ‘बाईसाहेब’, म्हणजे राणी लक्ष्मीबाई करायचं, हा इथला रिवाज. बाकीच्या पोरी गर्दी पाहून भोकाड पसरायच्या. मार्तंड हर्डीकरांची अनुसूया मात्र पापणी न हलवता उभी राहायची. “पोर मोठी धीट हो!” असं मंडळाचे सेक्रेटरी हरिभाऊ एकदा म्हणाले आणि तो शिक्का बसला तो बसलाच. पोर भीतीनं ताठ झाली होती, हे विचारायची सवड कुणाला होती?

पुढे जवळच्या बबीन्याच्या छावणीतून निवृत्त झालेल्या हिंदीभाषी फौजी दिवाकर सरांनी नगरा मोहल्ल्यात तलवारबाजीचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव अनुसूयेचं गेलं. तिनं नव्हे, मंडळानं दिलं. पण खेळ तिला आवडला, मनापासून आवडला. ती ‘एपे’ खेळायची. त्यात अंगावर कुठेही समोरच्याचं टोक टेकलं की दिवा लागतो, आणि पंधरा गुण आधी करील तो जिंकतो. पाय हलके, मनगट चपळ, नजर तीक्ष्ण. एकोणिसाव्या वर्षी ती राज्यात नाव घेण्याजोगी झाली होती.

दुखणं एकच होतं. चौदा-चौदा झालं की तिचे पाय रुतायचे. मास्कची जाळी समोरच्या मुलीपेक्षा मोठी दिसू लागायची. मग समोरची पुढे यायची, दिवा लागायचा आणि खेळ संपायचा. दोन वर्षांत हे पुन्हा पुन्हा झालं. आईनं, सरलाबाईंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. हरिभाऊंनी निदान केलं की पोरगी ऐनवेळी गाफील राहते. सरांनी पायांचे व्यायाम वाढवले. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे. भीती वाटते, एवढे दोन शब्द ती कुणाला सांगू शकली नाही. धीट पोरीनं ते कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तिनं मनाशी ठरवून टाकलं: आता पुन्हा पाय रुतले तर तलवार कायमची माळ्यावर टाकायची.

त्या वर्षी राज्य स्पर्धा नेमकी झाशीतच आली. अनुसूया फायनलला पोचली आणि हरिभाऊ ढोल-ताशे, भगवे फेटे असा सगळा लवाजमा घेऊन हॉलमध्ये हजर झाले. मार्तंडराव मालगाडीचे ड्रायव्हर. मुलीचा सामना त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ड्यूटी कधी मोकळं सोडायचीच नाही. आज ते गाडी सोडून तसेच, आंघोळ न करता आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. गृहस्थ मुळातच अबोल. गेल्या काही वर्षांत तर जेवताना ‘वाढ’ आणि ‘पुरे’ यापलीकडे शब्द निघत नव्हता.

समोरची मुलगी लखनौची होती, डावखुरी. एक गुण हिचा, एक तिचा, असं करत चौदा-चौदा झालं, आणि तेवढ्यात डावाची वेळ संपली. आता एक मिनिट विश्रांती, आणि मग शेवटचा एक गुण.

अनुसूया खुर्चीवर बसली. मांड्या लटलटत होत्या. तिनं सरांकडे पाहिलं.

“सर, मुझे...”

“बेटा, डरना नहीं,” सर म्हणाले. “किस शहर की हो, बस इतना याद रखो.”

मागून हरिभाऊंनी घोषणा सुरू केली आणि ढोल कडाडले. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्या प्रेमाचं ओझं आज अनुसूयेला पेलवेना. तिनं मान वळवली तर हाताच्या अंतरावर बाबा. घरात ती त्यांच्याशी निम्म्याहून अधिक हिंदीतच बोलायची. त्या क्षणी मात्र मराठी आलं.

“बाबा, मला भीती वाटतेय.”

 मार्तंडराव कठड्यावरून वाकून हळूच म्हणाले, “मलाही वाटते.”

“आज?”

“रोज. बबीन्याच्या अलीकडे एक फाटक आहे. तू सहावीत होतीस तेव्हा तिथे एक माणूस रुळांवर येऊन उभा राहिला होता. माझ्याकडेच बघत होता. मी भोंगा दिला, ब्रेक लावला. पण मालगाडी काय जागच्या जागी थांबते?” त्यांनी पंचांकडे एक नजर टाकली. “तेव्हापासून ते फाटक आलं की भीती शेजारी येऊन बसते. उतर म्हटलं तर उतरत नाही. मग मी म्हणतो, बस बाई, बस. पण हँडलला हात लावू नकोस.”

पंचांनी हाक मारली. अनुसूयेला बापाला काहीतरी म्हणायचं होतं, पण वेळ नव्हता. तिनं मास्क चढवला.

पाय अजून लटलटत होते. तिनं त्यांना आवरलं नाही. पोटात गोळा होता, तोही तसाच राहू दिला. इतकी वर्षं अर्धी ताकद त्या गोळ्याशी झगडण्यात जात होती. आज ती ताकद डोळ्यांना मिळाली. आणि तिला दिसलं, समोरच्या तलवारीचं टोकसुद्धा थरथरतंय. म्हणजे तीही! अनुसूयेला त्या अनोळखी मुलीबद्दल एकदम माया वाटली.

ती पुढे झाली. दोन्ही दिवे एकदम लागले. या टप्प्याला तो गुण धरत नाहीत. पुन्हा समोरासमोर. अनुसूया पुन्हा पुढे झाली, मनगट साधून तिनं झेप घेतली. डावखुरीनं केसभर आधी हात काढला आणि तिचं टोक अनुसूयेच्या दंडाला टेकलं. एकच दिवा लागला. तो लखनौचा होता.

ढोल थांबले. अनुसूयेनं तलवार कपाळाशी नेऊन सलाम केला, हात मिळवला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोला, हरल्याचं दुःख होतंच. पण पाय रुतले नव्हते. सरांपाशी येऊन ती म्हणाली, “सर, सोमवारी सरावाला येते.” गडबडीत मराठीतच म्हणाली, आणि बबीन्याच्या फौजी माणसाला ते बरोबर कळलं.

हरिभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “असू दे गं. पुढच्या खेपेला घाबरू नकोस म्हणजे झालं.”

“घाबरेन, काका,” ती म्हणाली. “मी गणपतीतसुद्धा घाबरायचे. तुम्ही बाहुला बांधायचात ना, तेव्हा जीव नुसता गोळा व्हायचा.”

हरिभाऊ हसायला गेले, पण त्यांना हसू आलं नाही. फेटा काढून ते नुसते हातात धरून उभे राहिले.

लोक पांगले. सरलाबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. लेकीला जवळ घेऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, “अहो, मगाशी वाकून काय सांगत होतात तिला?”

“काही नाही,” मार्तंडराव म्हणाले.

अनुसूयेला त्या उत्तरात स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘काही नाही’ म्हणत हा माणूस किती वर्षं एकटा त्या फाटकावरून जात होता! ड्यूटीवरून येऊन, पाट मांडून, मुकाट्यानं भाकरी मोडत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला सांगा.”

मार्तंडराव बाकावर बसले.  मग म्हणाले, “सरला, बबीन्याच्या अलीकडे एक फाटक आहे...” आणि त्यांचा आवाज तुटला. सरलाबाईंना अजून काहीच ठाऊक नव्हतं. पण बाटली खाली ठेवून त्या शेजारी बसल्या. नवऱ्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या म्हणाल्या, “सावकाश सांगा. मी बसलेय.”