किल्लीला सहा मिनिटं

"वन्सं, तुम्ही घड्याळ घेऊन आलात ना, त्या दिवसापासून यांना सदऱ्याची बटणंही लावता येत नाहीत," वहिनी सकाळी सहज बोलून गेली, आणि नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं.

कुलपांच्या कारखान्यात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. पितळ आत येतं तिथपासून कुलूप गिऱ्हाइकाच्या दाराला लागतं तिथपर्यंतची एकेक पायरी तिने महिनाभर मोजली होती. कशाला किती वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक नेमकं कशावर भाळतं. ही सगळी मूल्यसाखळी भिंतीवर चिकटवून तिने मालकीणबाईंना पटवलं होतं, की ओतकाम, पॉलिश, खोकी कुणीही करेल, ती बाहेर द्या. किल्ली बसवणं मात्र घरातच ठेवा, आपलं कुलूप खपतं ते त्याच्यावर. धंद्याची नवी मांडणी या साखळीवर ठरली. तेव्हा घड्याळबाईंची छाती दीड वीत फुगली होती, हे कशाला लपवायचं?

किल्ली बसवणारे चौघे, त्यातला एक तिचा सख्खा दादा. कोरी किल्ली कुलपात घालायची, जिथे अडते तिथे कानशीने घासायची, पुन्हा घालायची, पुन्हा घासायची. बाकीचे तिघे पक्के बेरकी. घड्याळ दिसलं की त्यांच्या हातांना झोप यायची. म्हणून तिने त्यांच्यापुढे 'चालढकल' असा शेरा मारला आणि दादाचा आकडा धरला. सहा मिनिटं. धाकटी बहीण वही घेऊन साहेबासारखी समोर उभी, मग काय, गडी असा पेटला की विचारू नका. रोज अठरा मिनिटं घेणारा माणूस दिवसभर सहा मिनिटांना एक कुलूप काढत राहिला. सकाळी वहिनी बोलेपर्यंत तिला शंकासुद्धा आली नाही; मग जुन्या वहीत त्याची रोजची कुलपं मोजली, तेव्हा ती अठरा मिनिटं निघाली.

सहा मिनिटं धरली तर चौघांऐवजी दोघे पुरत होते, आणि त्या दोघांच्या वाट्याला रोज ऐंशी-ऐंशी कुलपं येत होती. उद्या मालकीणबाई हे सगळ्यांना सांगणार होत्या. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ती धापा टाकत मालकीणबाईंच्या खोलीत शिरली.

"बाई, माझा आकडा चुकलाय. सहा नाही, अठरा मिनिटं लागतात."

बाईंनी चष्मा काढला. "तिप्पट? अगं, उद्या मी हे सगळ्यांसमोर वाचणार आहे!"

"म्हणूनच आले. पुन्हा मोजू द्या. पाया पडते तुमच्या."

"चल. माझ्यासमोर मोज."

जिना उतरताना ती बाईंच्या पुढे जायला धडपडत होती. दादाच्या कानात दोन शब्द घालायला हवे होते. पण बाई दोन पावलं पुढे, आणि त्यांचा आवाज त्याहून पुढे.

"ही म्हणते, तुमचा आकडा हिने चुकीचा लिहिला," बाई दादाला म्हणाल्या. "बघू या खरं काय ते."

दादाने बहिणीकडे पाहिलं. रडून लाल झालेले डोळे, छातीशी धरलेली वही.

"दादा, रोजच्यासारखं कर," ती म्हणाली. "अगदी रोजच्यासारखं. घाई नको."

त्याने मान हलवली, आणि ती मान तिच्या ओळखीची होती. लहानपणी तिला कुणी रागावलं की तो अशीच मान हलवून पुढे व्हायचा. त्याला वाटलं होतं, बहिणीची नोकरी चालली.

कानस फिरू लागली. तिने दोनदा मुद्दाम खोकून पाहिलं, एकदा त्याच्या टेबलाला धक्का दिला. तो थांबला नाही. वेळ वाढवून सांगावा म्हटलं, तर बाईंची नजर तिच्याच घड्याळावर. कुलूप खट्कन उघडलं तेव्हा पाच मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

"उगाच घाबरवलंस मला!" बाई हसल्या. "पाच चाळीस लिही आता."

"बाई, तो मुद्दाम जोर लावतो हो! रोज असं नाही जमायचं त्याला!"

"डोळ्यांनी पाहिलं ना मी? भावाची काळजी समजते गं मला. पण लिही." आणि त्या निघून गेल्या.

दादाचा हात टेबलाखाली मांडीवर होता. कानस अजून मुठीतच. बोटं उघडत नव्हती. तरी चेहरा सगळा हसरा.

"वाचली ना नोकरी?" तो हळूच म्हणाला. "वेडे, रडतेस काय? एका कुलपाने मी काही मरत नाही."

ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याची बोटं एकेक करून कानशीवरून सोडवू लागली.

"एक नाही रे दादा," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी. रोज."