पत्र्याची सवत

माझ्या पोटाखाली दाटीवाटीने बसलेल्या बदकांनो, मित्रांनो, कोणाचाही विश्वास बसणार नाही. पण मी एकदा मुद्दाम पाणी पिऊन थोआ आजीचा नेम राखला.

मी एक जुनी, बांबूची विणलेली होडी आहे. आजीच्या सासऱ्यांनी मला विणलं, अंगाला राळ फासली. थोआ नवी नवरी होऊन आली आणि आमच्याकडच्या रीतीने पायांनीच वल्ही मारू लागली. मोकळ्या हातांनी विडा लावायची. माझ्या वल्ह्यांवर अजून तिच्या टाचांचे खळगे आहेत. दर वसंतात, जत्रेला, मी तिला नदीवरच्या गुहांमधून कड्यावरच्या पॅगोडाच्या पायथ्याशी नेई. लोक म्हणत, "होडी कसली, हंस आहे हंस!"

मग सुनेने, लुयेनने, माझ्या उरावर सवत आणली. पत्र्याची! चालली की पिंप बडवल्यासारखी वाजायची. तरी जो तो तिच्याच अंगावरून हात फिरवी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा जत्रेला नदी फुगली. लुयेन म्हणाली, "आई, सोडा ती चाळण! पत्र्याच्या होडीत बसा, कपडे तरी कोरडे राहतील."

"चाळण असेल तुझी अक्कल!" आजी कडाडली. "तुझा नवरा हिच्यातच रांगायला शिकला. मी हिच्यातूनच जाणार."

निघाल्या दोघी, दोन होड्यांतून. मधल्या गुहेचं छत ठेंगणं. पत्र्याची बया नाक वर करून घुसली ती चुनखडीच्या सुळक्यांत बुचासारखी अडकली. लुयेन ओरडतेय, "आई, मागे फिरा!" मी काय केलं? एक वीण सैल सोडली, पोटभर पाणी प्यायले, चार बोटं खाली बसले आणि तिच्या बाजूने अलगद पलीकडे! आजीने बुद्धापुढे उदबत्ती लावली. परतताना माझा काठ थोपटत म्हणाली, "तू आहेस म्हणून माझा बुद्ध आहे गं."

म्हणून सांगते, मित्रांनो, नव्याच्या चकचकाटाला भुलून जुन्याला टाकू नका. वर्षातून एकदा राळ फासा. मायेने हात फिरवा. आमचं दुसरं काही मागणं...

"अगं ए थापाडे!" लंगडी बदकीण अंड्यांवरून उठत म्हणाली. "जत्रेला आजी पत्र्याच्या होडीतूनच गेली की! आम्ही इथंच होतो, तुझ्याखाली. गेल्या पावसाळ्यापासून पालथीच आहेस तू!"