बिनहाडाची भाजी

व्हर्नेल होती तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोणी काय रांधायचं, हे कोणी विचारत नसे. ती सांगत असे. नोव्हेंबर लागला की फोनपाशी बसून माझी बायको एकेकाला हुकूम सोडायची. तू लाल भात कर. तू मॅकरोनी. तू फक्त बर्फ घेऊन ये, तुझं मागच्या वर्षीचं सारण अजून माझ्या लक्षात आहे. कोलार्डची पालेभाजी मात्र ती कोणाच्याही हाती देत नसे. ती गेली आणि कोलार्ड माझ्याकडे आली, कारण परसातला वाफा मीच सांभाळतो. बाकीचे पदार्थ मुलीने, रोझलिंडने, वाटून दिले.

मागच्या वर्षी टेबलाभोवती अकरा माणसं होती. रोझलिंडची मुलगी केझाया हिने त्याच्या चार वर्षं आधी मांस सोडलं होतं. वाढून घेण्याआधी तिने मला विचारलं, "आजोबा, भाजीत मांस नाही ना?"

"नाही गं. पोटभर खा."

तिने तीनदा घेतली. मग माझी मेहुणी अर्लीन बिडाच्या भांड्यात पळी फिरवत म्हणाली, "भावोजी, हाड कुठे गायब केलंत? दरवर्षी ते चोखायला मीच असते ना?"

धुरी दिलेलं डुकराचं हाड. ते पाल्याबरोबर दोन तास शिजतं आणि मग बाहेर काढतात. आमच्याकडे त्याला कोणी मांस म्हणत नाही. भाजीत मीठ आहे हे कोणी सांगत बसतं का, तसंच ते. मी म्हणालो, "अगं, हाड म्हणजे मांस थोडंच! ते चवीपुरतं." सगळे हसले. मीही हसलो. केझायाने काटा ताटाच्या कडेला ठेवला, कोट उचलला आणि बाहेर गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर वर्षभर तिचा फोन नाही. आधी दर रविवारी यायचा. मी दोनदा केला, तर यंत्रानेच उत्तर दिलं.

नऊ वर्षांची होती तेव्हा तिने मला अक्षरं शिकवली होती, याच टेबलावर, डब्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवून. वाटाणा. टोमॅटो. मी कागदाच्या गिरणीतून नुकताच निवृत्त झालेला, चौसष्ट वर्षांचा, आणि ती मला पट्टी दाखवून दरडावायची. "अंदाजाने बोलायचं नाही, आजोबा. डब्यात जे असतं तेच डब्यावर लिहिलेलं असतं. आधी वाचा."

या वर्षी मी ऑक्टोबरातच यादी करायला बसलो. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे नेहमीचं, उजवीकडे तिच्यासाठी. टर्कीसमोर काय लिहावं ते सुचेना, म्हणून भाजलेला भोपळा लिहिला. मक्याच्या पावाचं सारण डावीकडे टर्कीच्या रश्शात, उजवीकडे कांद्याच्या पाण्यात. लाल भात डावीकडे सॉसेज घालून, उजवीकडे भेंडी घालून. रताळ्याची पाई दोन्हीकडे एकच असं आधी वाटलं, पण पाईच्या पारीत डुकराची चरबी असते हे आठवलं आणि तीही दोनदा लिहिली. एकदा शोधायला लागल्यावर डुक्कर कुठे कुठे निघालं ते बघून मी चकित झालो. व्हर्नेलला सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

कोलार्डपाशी मी अडलो. बिडाच्या भांड्यात चाळीस वर्षांची चरबी मुरलेली आहे, ते घासून उपयोग नाही. मी नवं स्टीलचं पातेलं आणलं, नवी लाकडी पळी आणली आणि रोज वाफ्यातली थोडी पानं तोडून शिजवायला लागलो. पलीकडच्या गल्लीतून अर्लीन चाखायला यायची.

"हे काय आहे, भावोजी? ताईने तुम्हाला ओसरीवर झोपवलं असतं."

"मीठ कमी आहे का?"

"मीठ बरोबर आहे. डुक्कर कमी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने तोंडातला घास कागदात थुंकला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता निदान पाला लागतोय." सहाव्या दिवशी मी कांदे सालीसकट निखाऱ्यांत काळे होईपर्यंत भाजले आणि त्यांचा गर, व्हिनेगर आणि लाल मिरची घालून पाला शिजवला. अर्लीनने वाटी पुन्हा पुढे केली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

उरलेली भाजी मी एकटाच संपवत होतो. दुपारी तीच, संध्याकाळी तीच. टेबलाला आठ खुर्च्या आहेत. मी रोज पुढच्या खुर्चीवर बसतो, म्हणजे सगळ्या सारख्या झिजतील.

मग यादी पुन्हा स्वच्छ लिहून काढली, उजवीकडच्या प्रत्येक पदार्थात काय काय पडणार ते सगळं, आणि टपालाने केझायाला पाठवली. खाली लिहिलं, तू ये.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी शार्लटहून रोझलिंडचा फोन आला.

"बाबा, गुरुवारी बाराच्या सुमाराला पोचतो. आम्ही सहा जण."

"केझाया?"

"ती मैत्रिणीकडे जातेय."

"माझी यादी मिळाली तिला?"

"मिळाली."

"मग?"

"मला मधे घालू नका, बाबा. तुमची चूक झाली म्हणून ती नाही रागावलेली. तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. आता दोन-दोन पदार्थ करत बसू नका. एकच भांडं पुरे."

"बरं," मी म्हणालो.

पण मी दोन्ही भांडी चढवली. आमच्याकडे जेवून निघताना प्रत्येकाच्या हाती डबा देतात, आणि जो आला नाही त्याचाही डबा जातो. केझाया नाही आली तरी डबा तिच्यापर्यंत जाणार होता.

गुरुवारी सकाळी अर्लीन मदतीला आली. मी टर्की भाजली का ते बघायला परसात गेलो आणि परत आलो तर ती बिडाच्या भांड्यात पळी फिरवत होती. ती पळी तिने उचलली आणि तशीच ठिबकत शेजारच्या स्टीलच्या पातेल्यात घातली.

"अर्लीन!"

"काय झालं? खाली लागत होती."

"पळी!"

तिने पळीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. "अरे देवा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदाच फिरवली, भावोजी. आणि पोरगी येतेय कुठे? ढवळून टाका. कोणाला कळतंय?"

मागच्या वर्षी हे मीच म्हणालो असतो. मी वाफ्याकडे गेलो. नुसते दांडे उभे होते. सहा दिवस चव बघत मीच सगळा पाला संपवला होता, आणि त्या दिवशी सारी दुकानं बंद.

मंडळी आली. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, गुडघे अजून चालतात. सगळ्यांनी बिडाच्या भांड्यातली भाजी घेतली. स्टीलच्या पातेल्यातली जावयाने चमचाभर घेतली, भिडेखातर. भाजलेला भोपळा जसा ठेवला होता तसाच राहिला. चारच्या आत सगळे उठले, लांबचा रस्ता होता.

रोझलिंड डबे भरायला लागली तेव्हा मी स्टीलच्या पातेल्यातली भाजी एका डब्यात काढली आणि झाकणावर कागद चिकटवला. लिहिलं होतं:

कोलार्ड, पाणी, भाजलेला कांदा, व्हिनेगर, लाल मिरची, मीठ. हाड नाही. नवं पातेलं. पण दुसऱ्या भांड्यातली पळी यात एकदा फिरली आहे. खायची की नाही ते तू ठरव. आजोबा.

रोझलिंडने वाचलं. "बाबा, पळीचं कशाला लिहिलंत? आता ती तोंड लावणार नाही."

"नको लावू दे."

"मग पाठवता कशाला?"

मी डबा तिच्या पिशवीत सरळ उभा ठेवला, सांडू नये म्हणून. गाड्या निघाल्यावर अर्लीनही गेली. जाताना ती बिडाचं भांडं घासून ठेवून गेली. एरवी ती घासायच्या भांड्यांना हात लावत नाही.

रविवारी चर्चमधून येऊन बूट काढत होतो तेव्हा फोन वाजला.

"आजोबा."

मी जवळच्या खुर्चीवर बसलो.

"मी भाजी खाल्ली नाही," केझाया म्हणाली.

"बरं."

"खालच्या मजल्यावरच्या काकांना दिली. त्यांनी डबा चाटूनपुसून परत केला."

"चांगलं केलंस."

"झाकणावरचा कागद मी काढून ठेवलाय."

तिच्या बाजूला कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"मी हसायला नको होतं," मी म्हणालो.

"हो. नको होतं."

ती असू दे म्हणाली नाही. मीही ती म्हणेल म्हणून थांबलो नाही. मग तीच म्हणाली, "अर्लीनआजीला स्वयंपाकघरात एकटीला सोडू नका."

"पुढच्या वर्षी येशील?"

"बघू, आजोबा. नोव्हेंबर लांब आहे."

फोन ठेवल्यावर मी नव्या पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधला, दोन गाठी मारल्या आणि पळी स्टीलच्या पातेल्यात ठेवून पातेलं वरच्या फळीवर चढवलं. पुढच्या नोव्हेंबरात मी ऐंशीचा असेन. मग भोपळा गरम केला आणि जेवायला बसलो. त्या दिवशी पाचव्या खुर्चीची पाळी होती.