सरांच्या लोकशाहीत एक हात कमी

कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात भाग्यश्रीताई नऊ वर्षं तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होत्या. म्हणजे दर जूनमध्ये त्या नव्याने नेमल्या जात आणि दर एप्रिलमध्ये नव्याने बेकार होत. पुढची नेमणूक विभागप्रमुख सुदर्शन सरांच्या शिफारशीवर.

मार्चमधल्या एका मंगळवारी सरांनी प्रश्नावली वाटली. त्यांचं संशोधन चालू होतं: 'विभागप्रमुखाची नेतृत्वशैली आणि अध्यापकांची कामगिरी'. अभ्यासासाठी त्यांनी स्वतःचाच विभाग निवडला होता. प्रवास वाचतो.

"उत्तरं संपूर्ण गोपनीय आहेत," सर म्हणाले. "फक्त वर नाव लिहा आणि माझ्या हातात द्या."

सगळ्यांनी 'लोकशाहीवादी'वर खूण केली. सहकारी आमोदने दोनदा केली. भाग्यश्रीताईंनी 'हुकूमशाही'वर केली.

"ताई, खोडा ना पटकन," शेजारची मिसबा कुजबुजली. तिचं नोकरीतलं पहिलंच वर्ष.

"गेल्या महिन्यात वर्ग सोडून सरांच्या मुलीचा प्रकल्प लिहीत बसले मी. सहा तास मुलं नुसती बसून होती. ते कसं खोडू?"

सरांनी कागद वाचला. चिडले नाहीत. त्यांनी लगेच बैठक लावली. विषय एकच: सर हुकूमशहा आहेत का?

"नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सात हात वर गेले. त्यातला एक सरांचा.

"बघा बाई, बहुमत. आता तुम्हीही करा, म्हणजे एकमत होईल."

"नाही करणार सर."

"ते तुमचं स्वातंत्र्य आहे. आमोद, इतिवृत्तात घ्या, विभागात स्वातंत्र्य आहे."

मे महिन्यात सरांचा निष्कर्ष छापून आला: नेतृत्व उत्तम असूनही अध्यापक असमाधानी असेल, तर दोष अध्यापकाचा. जूनच्या यादीत भाग्यश्रीताईंचं नाव नव्हतं. 'कामगिरी असमाधानकारक.' पुरावा म्हणून बुडालेले सहा तास जोडले होते.

यादी लागली त्या दुपारी मिसबाचा फोन आला.

"ताई, तुमचे तास मला दिलेत. मी नाही म्हणणार होते, पण सरांनी विचारलंच नाही. थेट अभिनंदनच केलं."

"घे गं. जातिव्यवस्थेचं प्रकरण मात्र सावकाश घे. मुलं तिथे फार प्रश्न विचारतात."

मिसबाने आवाज खाली आणला.

"ताई, विचारू देऊ का? म्हणजे, सरांना चालेल ना?"

वाचकहो, हा प्रश्न एका शिक्षिकेने विचारला आहे. तिच्या वर्गात साठ मुलं बसतात, आणि ती आपली आहेत.